पांढऱ्या पट्ट्याच्या वरचं पानी

आहो, तुमचा फोन अजून वाजतो. बंद कसा करायचा ते मला ठावं हाय, पन हात जात न्हाय. काल खालच्या आळीतून कोनीतरी इचारलं, वायरमन हायेत का, पालखीच्या वाटेवर माळा लावायच्यात. मी म्हनलं, न्हाईत. तो म्हनला, मंग कधी येतील. मी फोन दुर्वाच्या हातात दिला. ती ‘बाबा, बाबा’ करत राहिली आनि त्या मानसानं ठेवून दिला.

भाऊजी म्हनले, वहिनी, उद्या तेराव्याला बॅनर लावायचा, तुमच्या मनातल्या चार ओळी लिवून द्या. मी वही घेतली. सातवीपतुर शिकलेली मी, किरान्याच्या यादीपलीकडं कधी काय लिवलं न्हाय. चार ओळीत काय बसंना, म्हनून तुमालाच लिवते. जन्म कधीचा, शाळा कोनची, आयटीआय कुठं केलं, ते भाऊजींना ठावं हाय, ते घालतील. मला तुमाला येगळं सांगायचं हाय. तुमी गेल्यावर पाचव्या दिवशी मी काय केलं ते. आख्ख्या गावाला ठावं झालंय, तुमालाच कोनी सांगितलं नसंल.

पन आदी तुमी गेलात कसे ते मला कळू द्या. दुपारचे साडेतीन. मी चहा टाकला, तुमी उंबऱ्यावर बसून बूट काढत व्हता. एक काढला. म्हनलात, ‘तुझं ते पान्याचं...’ आनि गप झालात. मला वाटलं, चिडवायला थांबलात, मी मुद्दाम मागं बगितलं न्हाय, म्हनलं थांबू दे. साखर घातली, गाळला, मंग वळले. तुमी चौकटीला टेकलेले, दुसऱ्या बुटाची नाडी बोटात. मी हाक मारली. मंग शेजारच्यांना हाक मारली. रिक्षात तुमचं डोकं माझ्या मांडीवर आनि दुर्वा पुढं डायव्हरच्या बाजूला, ती खुश, तिला रिक्षा आवडते. डॉक्टर म्हनला, हार्ट. मी म्हनलं, त्यांचं हार्ट चांगलं हाय, ते खांबावर चढतात. असं येड्यासारखं बोलले. एकतीस वर्सांच्या मानसाला हार्ट असतं हेच मला नवीन.

‘तुझं ते पान्याचं’ म्हंजे काय व्हतं, आहो. पुढं काय म्हननार व्हता. पटलं म्हननार व्हता का हसनार व्हता. बारा दिस झाले, मी ते वाक्य पुरं करत बसते. कधी असं पुरं व्हतं, कधी तसं.

पुलाचं मी लिवते, कारन बॅनरवर भाऊजी नुसतं ‘पुलाचे शिल्पकार’ असं काय तरी लिवनार हायेत. तुमी काय पूल बांधला न्हाय. पूल इंग्रजाच्या येळचा, काळ्या दगडाचा, पाच कमानी. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला आमचा कोळीवाडा, खालून खाडी. मी जन्मल्यापासून त्याच्यावरनं चालले, कधी वर मान करून बगितला न्हाय. नगरपालिकेनं ठरवलं, पुलाला रातची रोषनाई करायची. मेंबर म्हनले, रंग बदलनारे दिवे लावा, मुंबईला असतात तसे, हिरवं मंग जांभळं मंग लाल. आनि तुमी, लग्नाच्या मांडवात माळा लावनारा मानूस, तिथं उभं राहून म्हनलात, ‘सायेब, मांडव मी रोज करतो. मांडव सकाळी सोडायचा असतो म्हनून त्याला रंग लागतात. ह्यो दीडशे वर्सं उभा हाय, ह्याला नुसतं दिसू द्या.’ इंजिनिअर मॅडम हसल्या म्हने. मंग त्याच म्हनल्या, दाखव कसं ते.

ते दाखवनं आमच्या सैपाकाच्या खोलीत झालं. फ्रिजचं खोकं कुठनं आनलंत, देव जाने. ताटली ठेवून पेन्सिलीनं कमानी आखल्या, ब्लेडनं कापल्या. खोक्याला बाहेरनं डिंक लावून रेती चिकटवली, दगड म्हनून. मला म्हनलात, बत्ती घालव. मी मोबाईलची बॅटरी धरायची आनि तुमी लांब जाऊन मोरीच्या कडेला पालथं पडायचं, ‘खाली घे, अजून खाली, आता वर बघ.’ समोरनं उजेड टाकला तर ती रेती दिसायचीच न्हाय, सपाट भिंत. पायाशी धरून वर टाकला की येकेक कन उठून उभा. ‘बगितलंस? उजेड कुठनं येतो ते कळता कामा नये. नुसता दगड कळला पायजे.’ मिठाईच्या खोक्यातला पिवळा कागद बॅटरीवर लावला, तवा तर मला ते खोकं खरंच वाटायला लागलं, दगड जनू उनात तापून आत्ता निवतोय. माझी भाकरी करपली त्या दिवशी. तुमी करपलेली खाल्लीत, बोलला न्हाईत.

आनि दुर्वा रांगत आली आनि तिसऱ्या कमानीतनं घुसली, पूल आडवा. मला वाटलं आता चिडनार. तुमी म्हनलात, ‘पुरानं पडला न्हाय, ट्रकनं पडला न्हाय, माझ्या लेकीनं पाडला.’ मंग तिला खांद्यावर घेऊन तुमी पुन्यांदा कापायला बसलात.

मी तुमाला कधी सांगितलं न्हाय, पन तवा मला लई बरं वाटायचं. माझं कोळ्याचं घर, तुमचं म्हसळ्याच्या आतलं, भाताचं, कुनब्याचं. लग्न झालं तवा तुमच्या आईनं सांगितलं व्हतं, हिच्या हाताला मासळीचा वास हाय, देवाजवळ हिला नको. तीन वर्सं मी तुमच्या गावात गेले की भिंतीच्या कडंला उभी. आनि हितं शहरातल्या दीड खोलीत तुमी माझ्या हातात बॅटरी देऊन इचारायचा, ‘कोळनी, तुला कसं वाटतं, खरं सांग.’ मला आधी कोनी काय वाटतं असं इचारलं नव्हतं.

आबांचं पन ऐकलंत. माझा बाप, होडीवाला, कोनाचं ऐकायचा न्हाय आनि कोनी त्याचं ऐकायचं न्हाय. त्यो म्हनला, ‘जावई, मदली कमान नको पेटवू. आमी भायरनं येतो तवा मदला काला दिसतो, त्या काल्यात होरी घालतो. उजेड डोल्यात आला तर खांबावर जाईन मी.’ तुमी दोन संध्याकाळी त्याच्या होडीत बसून बाहेरनं आत आलात, डोळ्यावर हात धरून, हात काढून. मंग मधल्या कमानीचा दिवा पलीकडल्या अंगाला वळवला, बाजाराकडनं दिसंल पन दर्याकडनं न्हाय. आबा आठवडाभर बाजारात सांगत व्हता, पूल माझ्या जावयानं मना इचारून केलाय.

येवढं ऐकनारा मानूस. मंग माझं का ऐकलं न्हाय, आहो.

अष्टमीचा दिवस. तुमी संध्याकाळचे घरी आलात, हाताला पांढरा रंग, तोंडभर हसू. म्हनलात, ‘आज काम फत्ते. पंधरा दिस रोज संध्याकाळी जातोय, आज पानी सगळ्यात वर आलं. पुरी भरती. होडीत उभा राहून चारी खांबांना पट्टा मारला. पट्ट्याच्या वर एक हात सोडून उद्या पेट्या ठोकायच्या.’ पेट्या म्हंजे त्या, ज्यात वायरी जोडायच्या, दिव्यांना करंट जातो त्या.

मी दुर्वाला भरवत व्हते. म्हनलं, ‘आज तिथ कोनती?’

‘मला काय भटजी समजलीस?’

‘अष्टमी हाय. भांगाचं पानी हे. ही भरती न्हाय, ही भरतीची धाकटी बहीन.’

तुमी हसलात. ‘पंधरा दिवसात येवढं वर पानी आलं न्हाय, डोळ्यांनी बगितलंय.’

‘तुमी संध्याकाळीच जाता. संध्याकाळची भरती म्हंजे भांगाचीच. आवस-पुनवेचं उधान दुपारी बाराला आनि रातीला बाराला येतं, तवा तुमी जेवता न्हायतर झोपता. संध्याकाळी बगायला गेलात तर उधानाच्या दिवशी तिथं चिखल दिसनार.’

तुमी थांबलात. मला वाटलं कळलं. पन पट्टा मारून झालेला, मॅडमना फोन करून झालेला, की माप घेतलं म्हनून. तुमी म्हनलात, ‘दर आवशी-पुनवेला पानी येवढं चढत असतं तर कोनीतरी बोललं नसतं?’

‘खांबावरचा काळा डाग कुठवर हाय बगितलात?’

‘त्यो शेवाळाचा जुना डाग.’

‘आबाला इचारा.’

‘जाऊ दे गं. तू सातवी, मी आयटीआय. मीटर मला कळतो, मासे तुला कळतात.’

असं कधी बोलला नव्हता तुमी. बोललात आनि तुमालाच कसंतरी झालं, दुर्वाच्या तोंडावरचा भात पुसायला लागलात. मी पन मंग ताटली घेऊन उठले, गप. तीच माझी चूक. भांडायला पायजे व्हतं, रडायला पायजे व्हतं, ताटली आपटायला पायजे व्हती. मी रुसून गप बसले, दोन दिस. नवमीला तुमी पेट्या ठोकल्या. दशमीला गेलात.

तुमाला गावी आनलं. मला कोपऱ्यात बसवलं. बाया यायच्या, गळ्यात पडायच्या, मला रडू यायचं न्हाय, मी आपली बगत बसायची कोनाच्या हातात किती बांगड्या. दुर्वाला ताप. तेरशीच्या दिवशी भाऊजी आले, म्हनले, वहिनी, नगराध्यक्षांचा फोन व्हता. होळी पुनवेला, मुंबईची मानसं शिमग्याला आलेली असतात, तवा पुलाचे दिवे लावनार. संदेशच्या स्मरनार्थ. कंत्राटदाराच्या मानसांनी लाइन जोडली पन. आई तवा पयल्यांदा पदर डोळ्यावरनं काढून म्हनल्या, माझ्या पोराचं नाव व्हनार. सगळी खोली ‘व्हय, व्हय’ म्हनली.

आनि माझ्या डोक्यात एकच शब्द, पुनव.

मी परसात जाऊन आबाला फोन लावला. हळू बोलले, भिंतीला तोंड करून. ‘आबा, पेट्यांना पानी लागतं का?’

‘कालपासना वर चरतंय पानी. उद्या चौदस, परवा पुनव. त्यो पांढरा पट्टा आजच नाय दिसला दुपारी.’

‘मंग तुमी कोनाला सांगितलं का न्हाय?’

‘मना काय ठावं पट्टा कशाचा. मना वाटला, नगरपालिकेनं नंबर टाकलाय.’ मंग कळलं त्याला. म्हनला, ‘पोरी, उधानाच्या रातीला आमच्या होऱ्या त्याच पान्यावर जातान. खांबाला हात लावूनच होरी फिरवतो आमी.’

‘मॅडमला जाऊन सांगा.’

‘मी? लोक बोलतील, पोरीनं पलून लगीन केला त्याचा राग काढतंय म्हातारा. मेलेल्या जावयाची चूक मी दाखवू?’

मंग मी मॅडमना फोन केला. अष्टमी, भांग, पट्टा, सगळं उलटसुलट सांगितलं. त्या चांगल्या बोलल्या. ‘ताई, पाणी गेलं तरी सेफ्टी स्विच असतो, लाइन आपोआप बंद होते. संदेशने माप घेतलंय, तो काम चोख करायचा. तुम्ही आता या सगळ्याचा विचार करू नका.’ तुमीच सांगायचा, स्विच मानसानं केलेला, त्याला पन कधी झोप लागते. ते मला फोन ठेवल्यावर आठवलं.

चौदशीची आख्खी दुपार मी कोपऱ्यात बसून घड्याळ बगितलं. बारा वाजले. सव्वा बारा. मला इथं बसून ते पानी दिसत व्हतं, खांबावर चढताना. मी स्वतःला सांगितलं, मॅडम शिकलेल्या, नगराध्यक्ष शिकलेले, कंत्राटदार हाय, तू कोन. तू बोललीस तर त्यांचं नाव जाईल, नाव येवढंच मागं राहिलंय. न्हाय बोललीस तर कदाचित काय व्हनार पन न्हाय. मी कदाचितला धरून बसले. आनि मंग मला कोनाचं तरी तोंड दिसायचं, कधी आबाचं, कधी चुलत्याचं, हात पुढं केलेला.

पुनवेला सकाळी मी दुर्वाला कडेवर घेतलं आनि बाहेर आले. आई पडवीत व्हत्या.

‘कुठं निघालीस?’

‘पुलावर.’

‘सुतक हाय. पाच दिस झाले न्हाईत.’

‘पट्टा चुकलाय, आई. दिवे पेटवले तर कोनीतरी मरंल.’

त्यांना पट्टा काय ते कळलं न्हाय, पन चुकलाय येवढं कळलं. म्हनल्या, ‘माझा पोर चुकला म्हनतेस? तो अजून मातीत पुरता मिसळला न्हाय.’ मी उंबऱ्याला धरून उतरले. त्या म्हनल्या, ‘गेलीस तर परत येताना इचार करून ये.’

म्हसळ्यापतुर पायी आनि टमटमनं, मंग एसटी. एसटीत एक बाई म्हनली, हळदीकुंकू का लावलं न्हाय गं, येवढी तरनी. मी खिडकीबाहेर बगितलं. मॅडमना परत फोन केला. या टायमाला मी रडत व्हते, तुमी गेल्यापासनं पयल्यांदा, आनि ते पन भीतीनं. म्हनलं, ‘मॅडम, बारा वाजता फक्त पाच मिनिटं पुलावर या. मी खोटी ठरले तर तुमच्या पाया पडते.’ त्या म्हनल्या, ‘बरं, येते.’

आल्या. छत्री घेऊन आल्या, सोबत कंत्राटदाराचा सुपरवायझर. आमी पुलाच्या कठड्यावरनं वाकलो. आहो, पानी कसं आलं व्हतं तुमाला सांगू. शिमग्याच्या पुनवेचं पानी, जाड, गढूळ, आवाज न करता वर येनारं. पयल्या खांबाचा पट्टा न्हाय. दुसऱ्या खांबाचा न्हाय. पेटी कुठं हाय ते मॅडम बोटानं शोधत व्हत्या, मी दाखवलं, पान्याच्या आत, हातभर खाली, अंधुक पांढरं काय तरी. आनि तिच्यातनं बुडबुडे येत व्हते. एक, थांबून अजून एक.

मॅडम म्हनल्या, ‘हे माप कोणी घेतलं होतं?’ त्यांना ठावं व्हतं. पन बगताना जे तोंडात आलं ते इचारलं.

सुपरवायझर चांगला मानूस हाय, तुमच्याबरोबर वडापाव खायचा तोच, बाजारात टपरीवर. त्यो माझ्याकडं बगून पटकन म्हनला, ‘मॅडम, माप बरोबर असंल. आमच्या पोरांनीच पेट्या खाली ठोकल्या असतील. आमी करतो वर.’

आहो, तो मला वाचवत व्हता. तुमाला वाचवत व्हता. मला फक्त मान हलवायची व्हती. व्हय, पोरांनीच ठोकल्या असतील, मी येवढं म्हनले असते तर दिवे पन थांबले असते आनि तुमी पन स्वच्छ राहिला असता. मी मान हलवनार व्हते, खरं सांगते, आज खोटं बोलत न्हाय. पन मंग पोरं काय करतील, पट्टा बगतील. पट्टा खरा मानतील आनि त्याच्यापासनं हातभर मोजून फार तर दोन बोटं वर पेटी ठोकतील. आनि पुढच्या आवशीला पुन्यांदा हेच.

मी म्हनलं, ‘पेट्या बरोबर ठोकल्यात. पट्टाच चुकलाय. पट्टा त्यांनी मारला. अष्टमीच्या संध्याकाळी मारला, भांगाच्या पान्यावर. मी सांगितलं व्हतं, त्यांना पटलं न्हाय.’

शेवटचं वाक्य मी का बोलले. ते बोलायची गरज न्हवती. आपलं घरातलं व्हतं ते. त्याच्यासाठी मला माफ करा, बाकी कशासाठी मागत न्हाय.

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हनल्या, ‘मी पण संध्याकाळीच येत होते. मलाही कळलं नाही.’ मंग फोनवर बोलल्या, लांब जाऊन. आनि ठरलं की खालची लाइन आज चालू करायचीच न्हाय, वायर कापून वर बांधायची. संध्याकाळपतुर पेट्या वर घेनं व्हनार न्हाय. फक्त कठड्यावरच्या दिव्यांची लाइन चालू करायची.

मंग संध्याकाळी काय झालं ते तुमाला सांगायला नको असं वाटतं. एसटी चुकली म्हनून मी कोळीवाड्यात आबाकडं थांबले, तिथनं पूल दिसतो. मांडव घातलेला, खुर्च्या, मुंबईची मानसं, ढोल. नगराध्यक्षांनी बटन दाबलं. वरच्या कठड्यावर दिव्यांची एक रांग लागली, बस. नुसती रांग, सरळ, दुकानावर लावतात तशी. खालच्या पाची कमानी काळ्या. तुमचा दगड दिसलाच न्हाय. तुमी जे केलं व्हतं ते सगळं खाली व्हतं, अंधारात, आनि मीच ते अंधारात ठेवलं. मानसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ठावं न्हाय काय दिसायला पायजे व्हतं. ते फक्त मला ठावं हाय आनि खोक्याला.

माइकवर म्हनले, कैलासवासी संदेश यांचं अपूर्न काम लवकरच. माझ्या मागं बाजाराकडनं आलेल्या दोघी उभ्या व्हत्या, एक म्हनली, ‘अपूर्न कसलं, चुकीचं केलं व्हतं. बायकोच आली म्हने सांगायला. आजून निवली न्हाय त्याची राख.’ दुसरी म्हनली, ‘कोळ्याचीच ना ती.’ मी दुर्वाचं तोंड माझ्या मानेत दाबलं. ती दिव्यांकडं बोट करून ‘बाबा’ म्हनत व्हती, तिला कोनी शिकवलं ठावं न्हाय. सगळे दिवे तिला तुमचेच वाटतात.

मला त्या येळेला तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू. येवढा राग की तुमी समोर असता तर मी ताटली खरंच आपटली असती. मला एकटीला का ठेवलंत हे करायला. चूक तुमची, तुमी बघायची, तुमी हसून म्हनायचं, ‘कोळनी जिंकली,’ आनि होडी घेऊन पेट्या काढायच्या. तुमी हे केलं असतं, याची मला खात्री हाय. तुमी पानी बगितलं असतंत तर एक घटका थांबला नसता. पन लोकांना ती खात्री कशी देऊ मी. त्यांनी तुमाला खांबावर चढलेलं बगितलंय, खोक्यासमोर पालथं पडलेलं बगितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी परत आले. आई दारात न्हवत्या. आत बसल्या व्हत्या, माझ्याकडं बगितलं न्हाय, दुर्वाला तेवढं हात पुढं करून घेतलं. म्हनल्या, ‘पाच दिसात खोटा पाडलास त्याला.’ मी बसले खाली. कोन मेलं न्हाय, हे दाखवायचं कसं. जे झालं न्हाय ते कोनाला दिसत न्हाय. मी सगळ्या गावासमोर तुमची चूक मांडली आनि त्याच्या बदल्यात माझ्या हातात काय, तर काय पन न्हाय. त्या दुपारभर मला वाटत राहिलं, मी चुकले का. स्विच पडलाच असता. कोनाला काय झालं नसतं. दिवे लागले असते, तुमचे, पाची कमानी, एक रात तरी.

संध्याकाळी आबाचा फोन आला. तो कधी स्वतःहून फोन करत न्हाय, बॅलन्स जातो म्हनून. म्हनला, ‘काल रातीला आट होऱ्या गेल्या भायर. तुजा चुलता मागं राहिला, मदल्या कमानीच्या खांबाशी. जालं आरकलं व्हतं.’

‘जाळं कशात अडकलं?’

‘पेटीत. पेटीच्या कोपऱ्यात. अर्दा तास उभा व्हता, एका हातानं पेटी धरून, दुसऱ्यानं जालं सोरवत.’

आई समोर दुर्वाला भात भरवत व्हत्या, त्यांचा हात मधेच थांबला, फोनमधला आवाज त्यांना ऐकू जात असावा. मी इचारलं, ‘आबा, त्याचा हात वला व्हता?’

‘येडी काय गो तू,’ आबा म्हनला. ‘नाखव्याचा हात सुका कदी असतो?’